कोल्हापूरची बोर्डिंगे

खेड्यातील होतकरू परंतु निर्धन मुलाला विद्येचे दार खुले करावयाचे असेल, तर शाळेच्या फीमाफीआधी त्याच्या डोक्यावरील छपराची आणि दोन वेळच्या भाकरीची तजवीज व्हावी लागते, ही गोष्ट कोल्हापूर दरबाराने विसाव्या शतकाच्या आरंभीच ओळखली, हे या नगराचे आणि पर्यायाने साऱ्या महाराष्ट्राचे भाग्य होय.

शिरोळ-भुदरगडाकडून पत्र्याची पेटी आणि अंथरुणाची वळकटी घेऊन आलेल्या मुलाला त्या काळी शहरात भाड्याची खोली परवडत नसे. परवडली तरी जात विचारल्यावाचून मिळत नसे, आणि खानावळीच्या पंक्तीतही तोच प्रश्न उभा राही. राजाराम हायस्कुलास जोडून 1896 साली सर्व जातींना खुले असे वसतिगृह निघाले खरे. परंतु त्यात ब्राह्मण विद्यार्थीच राहिले, इतरांचा पाय तेथे ठरला नाही. पुढे मॅट्रिक झालेले पां. चि. पाटील शाहू छत्रपतींना भेटले, तेव्हा राहण्या-जेवणाच्या हालांचीच हकीकत महाराजांच्या कानी पडली.

दिनांक 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले, त्याच साली जैनांचे, 1906 साली मुसलमानांचे, पुढल्या वर्षी लिंगायतांचे, आणि 1908 साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येच्या नावाने, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती असे करता करता ही संख्या विसाच्या वर गेली. यातील खरी मुत्सद्देगिरी व्यवस्थेत आहे. दरबाराने घरमालकाची भूमिका स्वतःकडे घेतली नाही. त्याने मोक्याची जागा दिली, इमारतीला मदत केली, वार्षिक नेमणूक बांधून दिली, काही ठिकाणी जमिनीचे वा देवस्थानाचे उत्पन्न लावून दिले, आणि कारभार त्या त्या समाजाच्या पंचांच्या हाती सोपविला. खजिन्यात येऊ शकणाऱ्या उत्पन्नावर राज्याने आपण होऊन पाणी सोडावयाचे आणि त्या त्यागातून गरिबाचा निवारा उभा करावयाचा, हे ते तत्त्व. अमेरिकेने 1986 साली करसवलतीच्या द्वारे खाजगी भांडवल स्वस्त घरांकडे वळविले, आणि आपल्याकडे 2016 पासून लहान घरे बांधणाऱ्यांना नफ्यावरील प्राप्तिकरात सूट मिळाली, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे. अंतर इतकेच, की कोल्हापुरात लाभाचा वाटेकरी कोणी गुंतवणूकदार नव्हता.

जातवार बोर्डिंगांनी जातिभेद दृढ केला, असा आक्षेप घेतला जातो. तो गैरवाजवी नाही. पण सर्वांसाठी खुले ठेवलेले दार एका जातीपुरतेच उरते, हा अनुभव पदरी असताना दुसरा मार्ग कोणता होता, याचे उत्तर आक्षेपकांनीही द्यावयास हवे. शिवाय याच व्यवस्थेतून तिच्या पलीकडचा माणूस निपजला. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिले. त्यांनीच 1924 साली साताऱ्यास असे बोर्डिंग काढले, की जेथे मराठा, महार, मुसलमान, जैन मुले एका छपराखाली राहिली आणि एका पंक्तीला जेवली, आणि त्या मुलांच्या कोठीतले धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. त्या बोर्डिंगला 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले.

महाराज 1922 साली निवर्तले, 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पण दसरा चौकाच्या परिसरात यांतील काही बोर्डिंगे आजही उभी आहेत, कारण त्यांच्या पायाखाली स्वतःची जमीन होती. ती जमीन आता शहराच्या ऐन मध्यावर आली असून तिच्या किमतीचा मोह कोणालाही पडावा अशी स्थिती आहे. विश्वस्तांना विनंती एवढीच, की त्या जागेवर पहिला हक्क गाळ्यांचा नसून, राधानगरी-चंदगडकडून पेटी घेऊन येणाऱ्या मुलाचा आणि मुलीचा आहे.