एक भाषा, दोन लिप्या आणि शाळेची बस

नकाशात मोल्दोवा आणि युक्रेनच्या मध्ये, नीस्त्रू नदीच्या काठाकाठाने एक चिंचोळी पट्टी आहे... ट्रान्सनिस्ट्रिया. २ सप्टेंबर १९९० ला ही पट्टी मोल्दोवातून फुटली. आजपर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने तिला मान्यता दिलेली नाही. मला या पट्टीतल्या ग्रिगोरिओपोल जिल्ह्याबद्दल लिहायचंय.

गाव वसवलं अर्मेनियन लोकांनी, १७९२ साली. मग ग्लुक्सतालला जर्मन शेतकरी आले (ते १९४४ मध्ये परत पश्चिमेकडे गेले). शिवाय रशियन, युक्रेनियन, आणि सर्वांत जास्त मोल्दोवन. म्हणजे भाषांची खिचडी जुनीच. भांडण मात्र पेटलं ते लिपीवरून!

मोल्दोवन म्हणजे खरं तर रोमानियनच. पण मॉस्कोच्या लहरीप्रमाणे नदीच्या या काठावर १९३२ साली लॅटिन लिपी आली, १९३८ मध्ये पुन्हा सिरिलिक. ३१ ऑगस्ट १९८९ ला मोल्दोवाने परत लॅटिन आणली. ट्रान्सनिस्ट्रियाने सिरिलिकच ठेवली. १९९२ मध्ये तर युद्धच झालं. (या लिपीतलं एक अक्षर, डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण असलेला 'झ', युनिकोडमध्ये आहे. आमच्या धंद्यातल्या कुणीतरी आठवणीने घातलंय!)

ग्रिगोरिओपोलच्या शाळेत १९९६ पासून पालकांच्या मागणीवरून लॅटिनमध्ये शिकवत होते. ऑगस्ट २००२ मध्ये पोलीस आणि कोसॅक शाळेत घुसले. मुख्याध्यापिकेला १५ दिवस कोठडी. सुमारे ३०० मुलांनी शाळा सोडली. उरलेल्यांची शाळा वीस किलोमीटरवरच्या दोरोत्स्काया गावात हलवली. तेही नदीच्या याच काठावर, पण मोल्दोवाच्या ताब्यात. तेव्हापासून मुलं रोज बसने 'हद्द' ओलांडून जायची. वाटेत ओळखपत्रं बघणार, दप्तरं तपासणार. कशासाठी, तर तोच धडा दुसऱ्या अक्षरांत वाचायला! आपल्याकडे कोंकणीच्या लिपीवरून वाद कमी झालेत का? पण दप्तर तपासण्यापर्यंत मजल गेली नाही.

असो. पालक आणि मुलं स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेली. निकाल १९ ऑक्टोबर २०१२ ला: शिक्षणाचा हक्क डावलला गेला, आणि जबाबदार रशिया, कारण त्याच्याच आधारावर ती राजवट टिकली होती. १७० अर्जदारांना प्रत्येकी ६,००० युरो द्या. शाळेत असताना अर्ज केलेली बरीच पोरं तोवर कॉलेजच्या वयाची झाली होती. रशिया २०२२ मध्ये युरोप परिषदेतूनच बाहेर पडला.

मार्च २०२३ मध्ये मोल्दोवाच्या संसदेने कायद्यांतून 'मोल्दोवन' हे भाषेचं नावच काढून 'रोमानियन' केलं. नदीच्या पट्टीत ती अजून मोल्दोवनच आहे, सिरिलिकमध्ये.