कोणता आहेर उपयोगाचा? फुस्तातच्या याद्या वाचताना झालेली एक चूक

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला. तिच्या ऑफिसमधल्या ठाण्याच्या एका बेने इस्रायल मुलाचं लग्न ठरलंय. "तू ज्यूंच्या इतिहासावर पीएचडी करतेस ना? मग सांग, त्यांना आहेर काय द्यावा? शोपीस नको, उपयोगी पडेल असं काहीतरी." मी तिला म्हटलं, अगं त्यालाच विचार की, तो तुझ्याइतकंच मराठी बोलतो. तिला उत्तर पटलं नाही, पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण नवीन ज्यू जोडप्याला उपयोगाचं काय, हाच माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा प्रश्न आहे. फक्त माझं जोडपं नऊशे वर्षांपूर्वीचं आहे आणि ते जुन्या कैरोत, म्हणजे फुस्तातमध्ये राहतं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या आणि सिनॉप्सिसच्या तयारीत आहात. "साधनं कशी वाचायची" हे मेथडॉलॉजीच्या पुस्तकात वाचून मला कधी कळलं नव्हतं. ते कळलं एका चुकीमुळे. ती चूक आधी सांगते, म्हणजे निदान तुमचे तरी सहा महिने वाचतील.

थोडी पार्श्वभूमी. फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये एक खोली होती, तिला गेनिझा म्हणतात. देवाचं नाव असलेला कागद फेकून द्यायचा नाही, अशी ज्यूंची रीत. या सिनेगॉगच्या लोकांनी ती जरा सैल हातानं पाळली आणि हिब्रू अक्षरांतला जवळपास कुठलाही कागद तिथे टाकला. धर्मग्रंथ तर होतेच, शिवाय व्यापाऱ्यांची पत्रं, हिशेब, कोर्टाचे कागद आणि लग्नाचे करारनामेही होते. १८९६-९७ मध्ये सोलोमन शेख्टर यांनी त्यातला मोठा भाग केंब्रिजला नेला. एकट्या केंब्रिजमध्ये आज १,९०,००० हून जास्त तुकडे आहेत. त्यातल्या रोजच्या व्यवहाराच्या कागदांवरून शेलोमो गोइटाइन यांनी 'अ मेडिटेरेनियन सोसायटी' हा ग्रंथ पाच खंडांत उभा केला. तिसरा खंड कुटुंबावर आहे, चौथा रोजच्या राहणीवर. सुरुवात करायची तर या दोन खंडांपासून करा. प्रिन्स्टन गेनिझा प्रोजेक्टवर हजारो कागदांची माहिती आणि अनेकांची लिप्यंतरं फुकट बघायला मिळतात, त्यामुळे पैसे नाहीत ही सबब इथे चालत नाही. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात ठेवा : यातले बहुतेक व्यवहाराचे कागद अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत आहेत. दोन्ही शिकावं लागतं.

आता याद्या. ज्यू लग्नात केतुबा नावाचा करारनामा लिहितात. नवरा बायकोला काय देणं लागतो ते त्यात असतं : काही रक्कम लग्नाच्या वेळी द्यायची, काही मागे ठेवायची, जी घटस्फोट झाला किंवा नवरा वारला तर बायकोला मिळते. त्याच्या जोडीला, कधी केतुबातच तर कधी वेगळ्या कागदावर, नवरीनं माहेरून काय आणलं त्याची यादी असते. आपल्याकडचं रुखवत आठवा, फक्त इथे प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहिलेली. साधारण क्रम असा : आधी दागिने, मग कपडे, मग गाद्या-उश्या-पडदे, शेवटी तांब्याची भांडी. तस्त आणि झारी, दिव्याची समई, बादली, आरसा, सुरम्याची डबी आणि तिची काडी, कपडे ठेवायची पेटी. श्रीमंत घरची नवरी असेल तर यादीत एखादी दासीही असते. हे वाचताना थांबायला होतं. माणसाच्या नावापुढे किंमत, आणि पुढच्याच ओळीत चादर.

तर मी काय केलं? एक्सेल शीट. वस्तू, संख्या, किंमत, साल. सहा महिने. त्यातून मला दोन 'शोध' लागले. एक, फुस्तातच्या बाजारात तांब्याची समई केवढ्याला मिळत होती ते मला आता कळलं. दोन, या याद्यांत स्वयंपाकाची मातीची भांडी जवळपास दिसतच नाहीत, तेव्हा या घरांमध्ये स्वयंपाक फारसा होत नसावा. दुसरं वाक्य तर मला इतकं आवडलं होतं की मी त्यावरच प्रकरणाचा शेवट केला होता. फुस्तातमध्ये लोक बाजारातून तयार अन्न आणायचे याचे इतर पुरावे आहेतच, म्हणजे सगळं छान जुळत होतं.

गाईडनी प्रकरण परत दिलं. समासात एवढंच लिहिलं होतं : "तुझ्या आईच्या रुखवतात केरसुणी होती का?"

मी आईला फोन केला. रुखवतात केरसुणी नव्हती. पोळपाट-लाटणं होतं, पण ते सजवलेलं, खेळण्याएवढं. आहेराच्या वहीत पातेली, डबे, स्टीलचे पेले, दोन भिंतीवरची घड्याळं आणि पाकिटांतले पैसे. आमच्या घरात अजूनही एक तांब्या आहे, त्याच्या काठावर आत्याचं नाव आणि तारीख कोरलेली आहे. केरसुणी घरात आली, रोज वापरली गेली, झिजली, नवी आली. तिची नोंद कुणी केली नाही, कारण ती कुणाला परत करायची नव्हती.

हा सगळा खेळ त्या 'परत'चा आहे. फुस्तातची यादी घर कसं चालायचं हे सांगण्यासाठी लिहिलेलीच नाही. हा संसार मोडला तर नवऱ्यानं काय भरून द्यायचं, हे ठरवायला ती लिहिली आहे. ज्यू कायद्यात या प्रकारच्या मालमत्तेला 'लोखंडी मेंढ्या' असं गमतीदार नाव आहे. नवऱ्यानं ती वापरायची, पण तिची ठरलेली किंमत कमी होत नाही. फाटलं, हरवलं, चोरीला गेलं तरी नुकसान त्याचं. यादीतल्या आकड्याला तो बांधलेला. मध्यम परिस्थितीतल्या कुटुंबाचा महिना साधारण २ दिनारांत निघायचा, असं गोइटाइन सांगतात. ते लक्षात घेतलं तर पाच-दहा दिनारांचं तांबंही किती मोठा आधार होता ते कळतं. बायको मूल न होता वारली तर उरलेल्या चिजवस्तूंपैकी अर्धं तिच्या माहेरी परत जावं, अशी अटही फुस्तातच्या करारांत वारंवार दिसते. माहेरच्यांनी यादी इतकी काळजीपूर्वक का करून घेतली, हे यावरून समजतं. घटस्फोट त्या समाजात दुर्मीळ नव्हते. व्यापारी नवरे वर्षानुवर्षं परगावी असत.

म्हणून मातीचं मडकं यादीत नाही. ते चार पैशांचं, फुटणारं. त्याच्यावर दावा कोण लावणार? तांबं मात्र वजनावर विकता येतं, गहाण टाकता येतं, वितळवून नवं करता येतं. (तांब्याचं हे चक्र थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचलं होतं. अब्राहम बेन यिजू हा मूळचा ट्युनिशियाचा ज्यू व्यापारी बाराव्या शतकात मंगळूरला राहत होता आणि तिथे त्याचा धातूच्या भांड्यांचा कारखाना होता. एडनचे व्यापारी त्याला मोडकी भांडी आणि तांबं पाठवून नवी घडवून मागत. त्याच्या मुलीचं लग्न पुढे ११५६ मध्ये फुस्तातलाच झालं. पण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

मडक्यांचा शोध असा फुटला. आता किमतींचा बघू. यादीतला आकडा म्हणजे बाजारभाव का नाही? कारण तो लग्नात लिहिलाय. नवरीकडचे म्हणणार, आमच्या मुलीनं एवढं आणलं. नवऱ्याकडचेही चारचौघांत "नाही हो, ही चादर एवढ्याची नाही" असं थोडंच म्हणणार! काही करारांत किमती सरळ दुप्पट लिहिण्याची रीत दिसते. उलट काही करार मुद्दाम बजावतात की इथे लिहिलेला एक दिनार म्हणजे खरोखर एक दिनार. असं बजावावं लागतं, यातच सगळं आलं. हा प्रकार फुस्तातमध्ये सुरू झालेला नाही. साधारण इसवी सन २०० च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्नात, केतुबोत या भागाच्या सहाव्या अध्यायात नियमच आहे : नवरीनं रोख १,००० दिनार आणले तर नवऱ्यानं करारात १,५०० लिहायचे, कारण रोख पैसा तो धंद्यात फिरवणार. पण किंमत ठरवून आणलेल्या वस्तू असतील तर ठरवलेल्या किमतीतून एक पंचमांश कमी करून लिहायचं. भाष्यकारांनी त्याचं कारण दिलंय की नवरीच्या मानासाठी लोक किंमत फुगवून सांगतात. माझ्या एक्सेल शीटच्या किमतीच्या कॉलमला यापेक्षा चांगली चपराक मिळाली नसती.

पण हे झालं माहेरून आलेल्या सामानाबद्दल. मैत्रिणीनं विचारलं होतं पाहुण्यांच्या आहेराबद्दल. त्याचं काय? त्यासाठी पुन्हा मिश्नाकडे जावं लागतं, या वेळी बावा बात्रा या भागाच्या नवव्या अध्यायात. तिथे दोन प्रकारच्या भेटी वेगळ्या केल्यात. एक 'शोशबिनूत'. शोशबीन म्हणजे वराचा जवळचा मित्र, आपण करवला म्हणू. तो लग्नात जो आहेर घेऊन येतो त्याची परतफेड कोर्टात जाऊन वसूल करता येते. वडिलांच्या हयातीत भावांपैकी एकानं असा आहेर नेला असेल आणि वडील गेल्यावर तो परत आला, तर तो एकट्याचा नाही, सामाईक इस्टेटीत जातो. दुसरा प्रकार : मित्राच्या घरी द्राक्षारसाची, तेलाची भांडी पाठवणं. यावर दावा लावता येत नाही, कारण ते निव्वळ स्नेहापोटी केलेलं आहे.

तालमुदमध्ये यावर जी चर्चा आहे ती वाचताना मी ग्रंथालयात एकटीच हसत होते. शोशबिनूत परत करायची ती समोरच्याच्या लग्नातच, आधी नाही. त्यावर व्याज धरायचं नाही. माझ्या लग्नात तू वाजतगाजत आलास आणि आता स्वतःचं लग्न गुपचूप उरकतोयस, तर मी आहेर देणं लागत नाही, तूही वाजतगाजत कर, असं म्हणता येतं. आणि सगळ्यात भारी भाग बोलावण्याचा. गावात असाल तर यायलाच हवं. ढोलाचा आवाज ऐकलात तरी यायला हवं. काहीच कळलं नसेल तर कळवायची जबाबदारी समोरच्याची. न कळवल्याबद्दल तुम्ही रुसू शकता, पण आहेर द्यावाच लागतो, फक्त न जेवलेल्या जेवणाचे पैसे वजा करून. किती वजा करायचे? अबाये या पंडितांचा हिशेब असा : एक झूझपर्यंतचा आहेर असेल तर तो जेवणातच फिटतो, चार झूझपर्यंत निम्मा द्यायचा, त्यापुढे ज्याच्या-त्याच्या मानाप्रमाणे. पत्रिका मिळाली नाही म्हणून लग्नाला न गेलेले आणि तरी पाकीट पाठवणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना हा नियम कुणी सांगावा.

संशोधनाच्या दृष्टीनं मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे. नव्या संसाराला लगेच उपयोगी काय, तर तेल. दिव्याला तेच, स्वयंपाकाला तेच. पण नेमक्या त्याच भेटीवर हक्क सांगता येत नाही, म्हणून तिची नोंद ठेवायचं कारण उरत नाही. जे परत मागता येतं ते कागदावर राहतं. जे प्रेमानं दिलं आणि महिन्याभरात संपलं ते आपल्याला दिसणार नाही, किंवा दिसलंच तर एखाद्या पत्रात ओझरतं. हे लक्षात न घेता आपण याद्या मोजत बसलो, तर निघणारं चित्र संसाराचं नसेल, भांडणाच्या तयारीचं असेल. तसं चित्रही मोलाचंच आहे. फक्त ते कशाचं आहे हे आपल्याला माहीत पाहिजे.

तुम्ही फुस्तातवर काम करणार नाही, हे मला माहीत आहे. पण दप्तरखान्यातली वतनाची यादी घ्या, संस्थानी लग्नाच्या खर्चाचा ताळेबंद घ्या, किंवा पोलिस पंचनामा. शोधनिबंधाच्या पहिल्या मसुद्याआधी एका कागदावर लिहून काढा : ही यादी कुणी लिहिली, कुणी ऐकली, आकडा वाढवून कुणाचा फायदा होता, आणि घरात असूनही काय लिहिलं गेलं नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, कारण त्यासाठी यादीबाहेरची साधनं शोधावी लागतात. मला स्वयंपाकासाठी आता पत्रं वाचावी लागतायत. बाजारातून काय आणावं ते एकमेकांना कळवणारी पत्रं, चिठ्ठ्या. वेळ लागतोय.

प्रकरणाचा तो आवडता शेवट मी खोडला. किमतींचा कॉलम ठेवलाय, पण त्याचं शीर्षक बदललंय : 'बाजारभाव' ऐवजी 'करारात मान्य केलेली किंमत'. आणि मैत्रिणीला शेवटी मी सांगितलं, चांगल्या तेलाचा पाच लिटरचा डबा दे. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. तिनं पाकीट द्यायचं ठरवलंय. त्या घरातलं कुणीतरी तिचं नाव आणि रक्कम वहीत लिहून घेईल.