धर्माच्या व्याख्येची वऱ्हाडी शाखा

धर्म म्हणजे काय, या प्रश्नाच्या आधुनिक चर्चेचे मूळ बहुधा युरोपातील विद्यापीठांत शोधले जाते. परंतु तिची एक महत्त्वाची शाखा वऱ्हाडात, म्हणजे आज वाशिम जिल्ह्यात मोडणारे कामरगाव ज्या प्रांतात होते तेथे, फुटली आहे. 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या या प्रांतात आल्फ्रेड लायल पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर होता. 1870 च्या वऱ्हाड गॅझेटियरचे संपादन त्याने केले आणि 1872 मध्ये येथील लोकांच्या धर्माविषयी एक निबंध लिहिला, जो पुढे 1882 च्या ‘एशियाटिक स्टडीज’ या ग्रंथात आला.

पोथ्यांतील सिद्धान्त बाजूला ठेवून लोक प्रत्यक्षात कोणापुढे हात जोडतात, हे लायलने पाहिले आणि उपासनेचे अकरा प्रकार लावले: आरंभी दगडधोंडे, शेवटी हिंदूंची श्रेष्ठ दैवते, आणि मध्ये प्राणी, पितर, थोरपण पावलेले मृत पुरुष, स्थानिक अवतार. यांतील थोर मृतांविषयीचे त्याचे निरीक्षण फार मोलाचे आहे. माणसाचा देव कसा होतो हे पोहरादेवीस संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे लोटणारा बंजारा समाज पाहिला म्हणजे आजही उमगते. या प्रकारांना खालच्या-वरच्या पायऱ्या मानण्याची कल्पना मात्र पटत नाही. शेताच्या धुऱ्यावरील, म्हणजे बांधावरील, म्हसोबाला शेंदूर लावून नारळ फोडणारा शेतकरी नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान मानल्या गेलेल्या कारंज्यास दर्शनाला जातो आणि एकादशीही धरतो; यांपैकी एक श्रद्धा खालची व दुसरी वरची, असे तो मानीत नाही.

कामरगावच्याच तालुक्यातील हे कारंजे आणखी एका व्याख्येची कसोटी ठरते. सृष्टिकर्त्या ईश्वरावरील श्रद्धा म्हणजे धर्म, असे म्हणावे, तर तेथील जैन परंपरा धर्माबाहेर पडेल. सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या दिगंबर शाखांच्या भट्टारकांची, म्हणजे मठाधिपतींची, पीठे कारंज्यात होती; ग्रंथभांडारे, मंदिरे, व्रते, आचार्यपरंपरा असे सर्व काही असलेल्या या धर्मात जगाचा कर्ता मात्र मानलेला नाही. एमिल द्युर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने बौद्ध व जैन मतांची हीच अडचण ओळखून 1912 मध्ये व्याख्येचा भर ईश्वरावरून हलवला आणि पवित्र मानलेल्या गोष्टींविषयीच्या ज्या श्रद्धा व आचार माणसांना एका नैतिक समुदायात बांधतात, त्यांना धर्म म्हटले. धुऱ्यावरचा म्हसोबा आणि कारंज्याचे जिनमंदिर या दोहोंना सामावणारी ही व्याख्या अधिक न्याय्य आहे.

भारतीय कायद्यालाही हाच प्रश्न सोडवावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात बौद्ध व जैन धर्मांचा दाखला देऊन धर्म ईश्वरवादी असलाच पाहिजे असे नाही, असे सांगितले, आणि केवळ मतेच नव्हेत तर पूजाविधी, उत्सव, इतकेच काय अन्न व वस्त्र यांविषयीचे नियमही धर्माचा भाग ठरू शकतात, हे मान्य केले.