दिनविशेष : १८ जून – पोपचे पत्र आणि पॅरिसचा करार

२०१५ साली आजच्या दिवशी पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक व्हॅटिकनने प्रसिद्ध केले. प्रकाशनाला कार्डिनल पीटर टर्कसन यांच्यासोबत हवामानशास्त्रज्ञ हान्स योआखिम शेल्नह्युबरही होते, आणि ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. तापमानवाढीचे गणित विज्ञानाचे. पण तिची झळ सोसायची कोणी, हा न्यायाचा प्रश्न आहे. ज्यांनी सर्वांत कमी कर्बवायू सोडला त्या गरिबांनाच दुष्काळ-पुराचा जबर फटका बसतो, म्हणून श्रीमंत देशांच्या डोक्यावर 'पर्यावरणीय ऋण' आहे, असे हे पत्र स्पष्ट बजावते.

धर्माने धोरणात पडू नये, हा आक्षेपही आला. स्वतः कॅथलिक असलेले अमेरिकी नेते जेब बुश यांनी, आर्थिक धोरण आपण पोपकडून घेत नाही, असे सांगितले. यात तथ्य आहे. कर किती लावायचा, कोळसा कधी सोडायचा, हे निवडून आलेल्यांनीच ठरवावे. पण राजकारणाची जागा घेण्याचा दावा पत्रातही नाही; निवडणुकीपलीकडे न पाहणाऱ्या सत्तेला ते जाब विचारते, आणि पुढच्या पिढ्यांना मत नसताना तो कोणीतरी विचारायलाच हवा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्तंबूलला मुस्लिम विद्वानांनीही हवामानविषयक जाहीरनामा काढला. १२ डिसेंबरचा हवामानबदलाविषयीचा पॅरिस करार या आवाहनांमुळेच झाला, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल. २४ मे २०१७ रोजी पोपनी या पत्राची प्रत अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या हाती दिली. तरीही १ जूनला ट्रम्प यांनी पॅरिस करारातून माघार जाहीर केली.