निरोपांच्या रांगा आणि एक उघडे दार

नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक एका महिलेच्या हाती पडला. समारंभाला पंतप्रधान मनमोहन सिंग होते, सोनिया गांधी होत्या. या योजनेची यंत्रणा मात्र शेकडो मैलांवर, बंगळुरूत आकार घेत होती. नंदन निलेकणी योजना राबवणाऱ्या प्राधिकरणाचे अध्यक्ष होते आणि प्राधिकरणाचे तंत्रज्ञान केंद्र त्यांच्याच शहरात होते. दिवसाला दहा लाख नोंदण्या आल्या तरी यंत्रणा कोलमडता कामा नये, हा तिथल्या अभियंत्यांपुढचा प्रश्न होता.

काम दिसायला सरळ होते. गावोगावच्या केंद्रांतून सांकेतिक कुलपात बंद केलेली माहिती यायची. ती तपासायची, बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहायची, मग क्रमांक काढायचा आणि पत्र छापायला धाडायचे. यातला ठसे ताडण्याचा टप्पा सर्वांत जड. तो अडला म्हणून मागचे सगळे थांबले असते तर योजना पहिल्याच वर्षी बसली असती. म्हणून टप्प्याटप्प्यांमध्ये रांगा बसवल्या गेल्या. एका टप्प्याचे काम संपले की तो रांगेत निरोप टाकून मोकळा होतो आणि पुढचा टप्पा आपल्या गतीने तो उचलतो. या रांगा सांभाळण्यासाठी रॅबिटएमक्यू हे मुक्त सॉफ्टवेअर निवडले गेले.

अशा सॉफ्टवेअरला मेसेज ब्रोकर म्हणतात. तिकीट काढताना, पैसे पाठवताना, जेवण मागवताना त्याच्याशी आपला रोज संबंध येतो, पण त्याचे नाव सहसा कुणाच्या कानावर पडत नाही.

या धंद्याच्या मुळाशी एक मुंबईकर आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे अमेरिकेत एमआयटी आणि हार्वर्डमध्ये शिकले. संगणकाच्या आत वेगवेगळे भाग एका सामाईक वाहिनीवर जोडलेले असतात, त्या वाहिनीला बस म्हणतात. सॉफ्टवेअरलाही तशी बस का नसावी, असे त्यांच्या मनात आले. १९८०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढली आणि ‘द इन्फर्मेशन बस’ बनवली. वॉल स्ट्रीटवरच्या दलालांच्या टेबलावर तेव्हा प्रत्येक बाजाराचा वेगळा पडदा असे. ही बस आल्यावर ज्याला जो भाव हवा त्याने तेवढ्याची मागणी नोंदवायची आणि भाव बदलला की तो आपोआप पोचायचा, अशी सोय झाली. गोल्डमन सॅक्स हे त्यांचे सुरुवातीचे मोठे गिऱ्हाईक. रॉयटर्सने १९९४मध्ये कंपनी विकत घेतली, १९९७मध्ये तिच्यातूनच टिबको उभी राहिली. दरम्यान १९९३मध्ये आयबीएमने निरोपांच्या रांगा सांभाळणारे एमक्यूसिरीज बाजारात आणले आणि बँकांनी ते उचलले.

बंगळुरूत हा व्यवसाय कामाच्या मागोमाग आला. इन्फोसिस १९८३मध्ये पुण्याहून तिकडे गेली, १९८५मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली. २००४मध्ये खुद्द गोल्डमन सॅक्सने शहरात कार्यालय थाटले. परदेशी बँकांची रात्रपाळी, पुढे फ्लिपकार्ट, मग फोनपे. या सगळ्यांच्या पोटात निरोपांच्या रांगा आहेत आणि त्या तुंबल्या तर फोन घेऊन उठणारी पोरे याच शहरात राहतात.

दुसरे मराठी नाव नेहा नारखेडे यांचे. पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेल्या नेहा यांनी लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासह काफ्का हे निरोप वाहणारे सॉफ्टवेअर घडवले. २०११मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. या क्षेत्राला त्यांनी दिलेला वेग पाहता आपल्याकडे त्यांचे नाव फारच कमी घेतले जाते.

आता शीर्षकातल्या त्या उघड्या दाराकडे. १९९७मध्ये जावा भाषेत एक सोय आली. चालू प्रोग्रॅममधली वस्तू जशीच्या तशी सपाट करून तारेवरून धाडायची आणि पलीकडे पुन्हा उभी करायची. ब्रोकर बनवणाऱ्यांना ती फार भावली. मात्र आलेल्या मजकुरातून वस्तू उभी करताना तिच्यातला कोडही चालतो आणि मजकूर कुणी पाठवला याची चौकशी कुणी करत नव्हते. २०१५मध्ये हा धोका जगापुढे आला. २०१६मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत माथियास कायसर यांनी जावातल्या एकामागून एक निरोप-प्रणाली याच वाटेने फोडता येतात हे दाखवले. दुरुस्त्या झाल्या, पण एक कोपरा तसाच राहिला.

तो कोपरा अपाचे ॲक्टिव्हएमक्यू या जावातल्या ब्रोकरमध्ये होता. रॅबिटएमक्यूशी त्याचा संबंध नाही. रॅबिटएमक्यू वेगळ्याच भाषेत लिहिलेले आहे. ॲक्टिव्हएमक्यू ६१६१६ या पोर्टवर ओपनवायर नावाच्या बोलीत बोलते. एका बाजूला चूक झाली की ती दुसऱ्या बाजूला दोन शब्दसमूहांत कळवायची पद्धत: पहिल्यात चुकीच्या प्रकाराचे, म्हणजे जावा क्लासचे नाव, दुसऱ्यात तिचा मजकूर. घेणारा त्या नावाचा क्लास शोधायचा, मजकूर त्याच्या हाती द्यायचा आणि चुकीची वस्तू तयार करायचा. नाव खरोखर चुकीच्या प्रकाराचेच आहे का, हे तो पाहत नसे. आता स्प्रिंग या जोडीच्या लायब्ररीत ‘क्लासपाथएक्सएमएलॲप्लिकेशनकॉन्टेक्स्ट’ नावाचा क्लास आहे. त्याला एक पत्ता दिला की तो त्या पत्त्यावरची एक्सएमएल फाइल आणतो आणि तिच्यात सांगितलेल्या वस्तू उभ्या करतो, आज्ञा चालवणाऱ्या वस्तूसुद्धा. ॲक्टिव्हएमक्यू स्वतःच्या मांडणीसाठी स्प्रिंग वापरत असल्याने हा क्लास घरातच हजर होता. पोस्टमनने पाकिटावर लिहिलेल्या पत्त्यावर जावे, तिथली चिठ्ठी उघडावी आणि तिच्यात जे सांगितले ते निमूटपणे करावे, तसे हे झाले. पासवर्डची गरजच नव्हती.

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस सुधारलेल्या आवृत्त्या आल्या. या भोकाची तीव्रता दहापैकी दहा. दुरुस्ती मोजक्या ओळींची: आलेले नाव चुकीच्या प्रकाराचे नसेल तर ते नाकारायचे. पण तोवर चोर पोचले होते. रॅपिड७ या कंपनीने २७ ऑक्टोबरला दोन ग्राहकांच्या यंत्रणांत हॅलोकिटी या खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या खुणा पाहिल्या. ‘एम२.पीएनजी’, ‘एम४.पीएनजी’ अशा नावांच्या फायली खाली उतरत होत्या. नाव चित्राचे, आत विंडोजवर प्रोग्रॅम बसवणारी फाइल. मागे उरत होत्या ‘लॉक्ड’ शेपूट लागलेल्या फायली. शॅडोसर्व्हर या संस्थेने ३० ऑक्टोबरला मोजले तेव्हा तीन हजारांहून अधिक असुरक्षित ब्रोकर थेट इंटरनेटवर दिसत होते.

ते वर्षच तसे होते. फेब्रुवारीत काफ्का कनेक्टमध्ये भोक सापडले: जोडणीच्या सेटिंगमध्ये विशिष्ट नोंद घातली की सर्व्हर हल्लेखोराच्या सर्व्हरला जाऊन विचारायचा आणि तिथून आलेली वस्तू उभी करायचा. मेमध्ये अलीबाबातून आलेल्या रॉकेटएमक्यूची पाळी. त्यात बाहेरच्या कुणालाही ब्रोकरची सेटिंग बदलता येत होती आणि सेटिंगमधला फोल्डरचा पत्ता पुढे जसाच्या तसा शेलच्या आज्ञेत जात होता. पत्त्याच्या जागी आज्ञा लिहिली की काम फत्ते. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली, जुलैत दुसरी काढावी लागली. तिन्ही ठिकाणी दोष एकच: निरोप पोचवणाऱ्याला निरोपातले सांगणे पाळण्याची मुभा दिली गेली होती. ज्यांनी ती दिली त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त कंपनीच्या भिंतीआडचे जाळे होते. आत येणारा प्रत्येक जण आपलाच, हे त्यांनी गृहीत धरले. पुढे त्याच यंत्रणा क्लाउडवर गेल्या, पण ते गृहीतक कुणी तपासले नाही. हा दोष लिहिणाऱ्याइतकाच वापरणाऱ्याचाही आहे. ६१६१६ इंटरनेटवर उघडे ठेवायचे कारणच नव्हते.

भारतात अशा घटनांची दखल सर्ट-इन ही सरकारी संस्था घेते. तिच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. अशी भोके वेळीच दिसावीत म्हणून कंपन्या आवृत्त्या तपासणारे स्कॅनर चालवतात. जुनी आवृत्ती दिसली की तांबडा शेरा, नवी दिसली की हिरवा.

ऑगस्ट २०२५मध्ये रेड कॅनरी या कंपनीने जे समोर आणले ते या पद्धतीच्या मुळावर येते. पावणेदोन वर्षे उलटूनही ॲक्टिव्हएमक्यूच्या त्याच भोकातून लिनक्स सर्व्हरांत शिरकाव चालू होता. आत शिरलेल्यांनी ड्रिपड्रॉपर नावाचा प्रोग्रॅम पेरला, पुन्हा येण्याची सोय केली आणि मग अधिकृत जागेवरून ॲक्टिव्हएमक्यूच्या सुधारलेल्या जार (जावा प्रोग्रॅमच्या) फायली उतरवून भोक स्वतःच बुजवले, म्हणजे दुसरा चोर मागून येऊ नये. असा सर्व्हर स्कॅनरला हिरवा दिसतो. ती दुरुस्ती आपल्या माणसाने केली की परक्याने, हे शोधायला त्या दिवसाच्या नोंदी लागतात आणि १८० दिवसांचाच हिशेब ठेवणाऱ्याकडे त्या तेव्हा असतीलच असे नाही.