चिंचेने घासलेले नाणे

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या सिंदेवाहीत घरोघरच्या अंगणात एकच खटपट सुरू होते. माळ्यावरची पितळी परात, तांब्याचे घंगाळ, आजीच्या वेळचा गुंड, देवघरातली समई अशी सारी मंडळी खाली उतरतात. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन घरातल्या बाया त्यांच्या मागे लागतात. बांधीत हलका धान कापणीला आलेला असतो, दिवाळीनंतरच्या मंडईसाठी नाटकांच्या तालमी रंगात आलेल्या असतात, आणि इकडे उन्हात ओळीने मांडलेली भांडी सोन्यासारखी झळकू लागतात. पाहणाऱ्याला आनंद होतो. मला मात्र दरवर्षी त्या घटकेला थोडी लाज वाटते. त्या लाजेची हकिगत सांगण्यासाठीच हा लेख.

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपुढे शिकण्याचा योग आला नाही. मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण या झाडीपट्टीच्या मातीत जुन्या वस्तू निघतात, याचे मला लहानपणापासून वेड. ही गोष्ट मुलांनाही ठाऊक. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका बोडीचा, म्हणजे धानाला पाणी पुरवणाऱ्या लहानशा तळ्याचा, गाळ काढणे चालू होते. एके दिवशी सातवीतला एक मुलगा मूठ आवळून माझ्या टेबलाशी आला.

“काय रे, काय आणलंस?”

“बोडीच्या गारात भेटला, गुरुजी.”

आमच्याकडे वस्तू सापडत नाही, भेटते. आणि गाळाचा गार होतो. मुठीत एक हिरवेगार, खरखरीत नाणे होते. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडे मोठे. त्या हिरव्या थराखाली काहीतरी उठावाचे जाणवत होते. कदाचित एखादे जनावर, कदाचित अक्षरे. मला त्या दिवशी शाळेत चैन पडेना. घरी गेलो आणि जे दिवाळीला आई करीत असे तेच केले. रात्रभर नाणे चिंचेच्या कोळात घातले, सकाळी राखेने चोळले. नाणे नव्या पैशासारखे लखलखले आणि पुरते मुके झाले! जनावर गेले, अक्षरे गेली. हातात उरली ती तांब्याची एक गुळगुळीत चकती.

ती मी नागपूरच्या एका जाणत्या गृहस्थांना दाखवली. ते रागावले नाहीत, हेच मला अधिक लागले. त्यांनी समजावून सांगितले ते असे : तांबे शेकडो वर्षे ओल्या मातीत राहिले की त्याचा वरचा पापुद्रा हळूहळू हिरव्या क्षारात बदलतो. म्हणजे तो थर बाहेरून बसलेला मळ नसतो, तांब्याचेच ते बदललेले अंग असते, आणि पुष्कळदा नाण्यावरची अक्षरे त्या थरातच शिल्लक असतात. चिंचेचे आम्ल थर विरघळवते, त्याबरोबर अक्षरेही जातात. मग त्यांनी दोन साधे प्रश्न विचारले. नाणे नेमके कोठे सापडले? सोबत आणखी काय होते? मी गप्प राहिलो. हे मुलाला मी विचारलेच नव्हते.

परत आल्यावर त्याचे घर गाठले. तोवर ते कुटुंब मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. पुढे मुलगा भेटला तेव्हा कळले की एक फुटके मडके निघाले होते आणि त्यात तशीच पुष्कळ नाणी होती. पोलिसांचे झंझट नको म्हणून बापाने ती भंगारवाल्याला वजनावर दिली. म्हणजे एक नाणे मी घासून मारले आणि बाकीची भीतीने मारली. कोणत्या राजाची होती, ती आमच्या गावी कशी आली, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

तेव्हापासून मी अशा सापडलेल्या वस्तूंच्या हकिगती वाचू लागलो. एक गोष्ट मनात पक्की बसली. या वस्तूंचा इतिहास विद्वान लिहितात खरे, पण तो लिहिता येईल की नाही हे बहुधा एखादा गुराखी, नांगऱ्या किंवा मजूर ठरवीत असतो.

गुंगेरियाचीच गोष्ट घ्या. हे गाव गोंदियापलीकडच्या बालाघाट जिल्ह्यात आहे. १८७० साली तेथे गुरे चारणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून धातूचा तुकडा डोकावताना दिसला. खणले तेव्हा ४२४ तांब्याच्या वस्तू आणि १०२ चांदीचे पातळ पत्रे निघाले! नुसत्या तांब्याचेच वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे पावणेचारशे किलो भरले. त्यात चपट्या कुऱ्हाडी होत्या, लांब पहारीसारखी हत्यारे होती. चांदीच्या पत्र्यांत गोल तबकड्या होत्या आणि शिंगे असलेले बैलाच्या मुखवट्यासारखे आकारही होते. हा ठेवा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला मानतात. पाडव्याला आमच्याकडे गोवारी गाई खेळवतात तेव्हा मला ती दोन पोरे आठवतात. त्यांनी तो तुकडा तांबटाकडे नेला असता, तर त्याची भांडी झाली असती आणि कोणाच्या तरी अंगणात ती दर दिवाळीला घासली गेली असती.

तांब्यानंतर लोखंड आले. विदर्भात जागोजागी मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. खेड्यातला माणूस त्यांना भुताखेतांची जागा समजून दूर राहतो, आणि या भीतीने त्या वर्तुळांचे रक्षणच केले आहे. ती पुरातन माणसांची दफने आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना या वर्तुळांचा ध्यास होता. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी नागपूरचे संग्रहालय, म्हणजे आपला अजबबंगला, सुरू झाले. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागपूरजवळच्या माहुरझरीला वर्तुळे पद्धतशीर उकरली. तेथे माणसाबरोबर पुरलेले घोडे निघाले. घोड्याच्या तोंडावरचा तांब्याच्या पत्र्याचा साज निघाला, लोखंडी लगाम निघाले, कुऱ्हाडी निघाल्या. पेंच नदीकाठच्या नायकुंड गावी तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. भात्याची मातीची नळी आणि लोखंडाची मळी यांवरून तिची ओळख पटली. ती सुमारे २६०० ते २७०० वर्षांपूर्वीची आहे.

मळी म्हणजे टाकाऊ वस्तू. सोन्याच्या शोधात खणणारा ती पहिल्यांदा फेकून देईल. पण ती जागच्या जागी राहिली म्हणून आपल्याला कळले की ही हत्यारे परमुलखातून आणलेली नव्हती, ती येथेच घडत होती. आमच्या चांदा भागाला तर याचे नवल वाटू नये. लोहारा येथील लोखंडाचे दगड आणि या जिल्ह्यातल्या गावठी भट्ट्या जुन्या गॅझेटियरांत नोंदलेल्या आहेत. याच लोहाऱ्याच्या खनिजाबद्दलचा अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याचे स्वप्न त्यांच्या मनात रुजले. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही, म्हणून कारखाना दूर साकचीला झाला.

आता नाण्यांकडे वळू. माझे दुखणे तेथलेच आहे. १९३९ साली मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळा गावी सातवाहन राजांच्या सुमारे १६०० नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी सोन्याची नव्हेत, चांदीचीही नव्हेत. पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची. बाजारात त्यांना कोणी कवडीही दिली नसती. पण महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती एकेक करून वाचली आणि त्यांतून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी राजांची नावे वर आली. पुराणांतल्या वंशावळीत ही नावे नाहीत! एवढे राज्य केलेल्या माणसांचे नाव पोथीने विसरावे आणि हलक्या धातूच्या चकतीने राखावे, ही केवढी गंमत आहे! त्या चकत्या कोणी हौसेने चिंचेत घातल्या असत्या, तर ते राजे दुसऱ्यांदा मेले असते. माझ्या बोडीत असा एखादा राजा होता का, या विचाराने अजूनही कधी कधी झोप उडते.

नाण्यांहून बोलके असतात ते ताम्रपट. अचलपूरजवळच्या चम्मक गावी १८६८ च्या सुमारास शेत नांगरताना वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट वर आला. पाचव्या शतकातल्या या दानपत्रात मधुनदीच्या काठचे चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे लिहिले आहे. चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक. दीड हजार वर्षांत राज्ये आली आणि गेली, गावाचे नाव मात्र थोडे झिजून तेथेच उभे राहिले. या दानाला अटीही आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याविरुद्ध कट करू नये, चोरी करू नये, दुसऱ्या गावांशी लढू नये. तसे केल्यास राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही! राजाला दान द्यायचे होते आणि शहाणपणही सोडायचे नव्हते. आमच्याच जिल्ह्यात भांदक येथे राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचा इसवी सन ७७२ चा ताम्रपट मिळाला आहे. नांगराच्या फाळाला अडकलेला तांब्याचा पत्रा म्हणजे मोडीची रक्कम असे समजणारा माणूस असता, तर हे सारे आटले असते.

आणि शेवटी दायमाबाद. प्रवरेच्या काठी, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव. १९७४ साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे खोड खणताना चार ओतीव प्रतिमा मिळाल्या : बैल जोडलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. यांची छायाचित्रे पाहिली तर मुलांच्या खेळण्यांची आठवण होते. बैलांची तुरतुर चाल त्या कारागिराने कशी पकडली असेल कोण जाणे. अनेक विद्वानांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या ठरवल्या. काहींनी धातूतले सोमलाचे प्रमाण पाहून शंका घेतली आणि त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्यात असे म्हटले. हा वाद का उरला? वस्तू अस्सल आहेत, सुंदर आहेत, शाबूत आहेत. पण पुरातत्त्वाच्या माणसांनी मातीचे थर पाहत त्या उकरल्या नव्हत्या. त्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणती खापरे होती, हे पाहणारा डोळा त्या वेळी तेथे नव्हता. त्यात त्या शेतकऱ्याचा दोष मुळीच नाही. त्याला कोणी हे शिकवलेच नव्हते.

नागपूरच्या गृहस्थांनी मला विचारलेले दोन प्रश्न तेव्हा कुठे नीट उमगले. वस्तू ही अर्धी वस्तू असते. उरलेली अर्धी तिच्या जागेत आणि तिच्या सोबत्यांत असते. ती अर्धी एकदा हलवली की कोणत्याही प्रयोगशाळेला परत आणता येत नाही.

भीतीचे काय, असे कोणी विचारील. ती खोटी नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या बापाला मी कधी बोल लावला नाही. पण कायदा वाचून पाहिला तेव्हा मी चकित झालो. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा असे सांगतो की जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावे. कोणी मालक पुढे आला नाही आणि दुसरा काही करार नसला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला ती वस्तू ठेवायची असली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा. न कळवता दडवणाऱ्याचा मात्र हक्क जातो आणि शिक्षाही होते. म्हणजे सांगणाऱ्याला कायदा देऊ पाहतो आणि लपवणाऱ्याला धरतो. आमच्या खेड्यांत समज नेमका उलटा आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याचे नाव तर कोणी ऐकलेलेही नसते. हा समज दूर करणे शिक्षकाचे काम होते आणि ते मी वेळेवर केले नाही.

आता दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या तासाला मी मुलांना ते नाणे दाखवतो. वर्गात फिरवतो. “यावर काय दिसतं?” असे विचारतो. मुले डोळे बारीक करून पाहतात आणि म्हणतात, “काहीच नाही, गुरुजी.” मग मी त्यांना वरची सारी हकिगत सांगतो, स्वतःच्या चुकीसकट. वस्तू भेटली तर घासू नका, वाकवू नका; जागा लक्षात ठेवा, आजूबाजूची खापरे हलवू नका, आणि आधी मला किंवा तहसीलदारांना सांगा.

गेल्या वर्षी एक मुलगी धावत आली. तिच्या बाबांना बांधीचा धुरा नीट करताना लोखंडाचा एक गंजलेला तुकडा लागला होता. तिने तो आणला नव्हता. तेथे एक काडी रोवून, वर पळसाचे पान ठेवून ती मला बोलवायला आली होती. मी गेलो. तो बहुधा जुन्या नांगराचा फाळ असावा, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा. इतिहासाच्या दृष्टीने त्यात काही नव्हते. पण धुऱ्यावर रोवलेली ती काडी आणि तिच्यावरचे ते पान पाहून माझ्या मनावरचे ओझे थोडे हलके झाले.

यंदाही घरची भांडी चिंचेने लख्ख घासून झाली आहेत. ते नाणे मात्र कोरड्या फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलाच्या खणात ठेवले आहे. सुट्टीआधीचा तास परवा आहे.