सूर्यप्रकाश व त्वचा-कर्करोग

सूर्यप्रकाशातील जंबुपार प्रारण (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य प्रारण) हे गोऱ्या वर्णाच्या लोकांतील त्वचा-कर्करोगाचे सर्वांत महत्त्वाचे कारण होय. या रोगाचे तळकोशिका कर्करोग, शल्ककोशिका कर्करोग व मेलॅनोमा (रंजककोशिकांचा मारक कर्करोग) असे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिले दोन अधिक प्रमाणात आढळतात, तिसरा शरीरात इतरत्र लवकर पसरत असल्यामुळे अधिक घातक असतो [⟶ कर्करोग, त्वचा]. ऊन व हा रोग यांतील संबंध निःसंशयपणे सिद्ध होण्यास सुमारे शंभर वर्षे लागली आणि त्यांपैकी बराच काळ ऊन हेच औषध म्हणून दिले जात होते.

प्रारंभीची निरीक्षणे : जर्मन त्वचारोगतज्ञ पाउल गेर्सोन उना यांनी १८९४ मध्ये दीर्घकाळ समुद्रावर काम केलेल्या खलाशांच्या उघड्या त्वचेतील बदलांचे वर्णन करून त्यांचा कर्करोगाशी संबंध जोडला. १८९६ मध्ये फ्रान्समधील बॉर्दो येथील द्यूब्रय यांना द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या मजुरांत असेच विकार आढळून आले. ही निरीक्षणे मुख्यत्वेकरून कष्टकऱ्यांविषयी असल्यामुळे त्यांकडे फारसे लक्ष गेले नाही.

त्याच सुमारास प्रकाशचिकित्सा उदयास आली. डॅनिश वैद्य नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारांबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ऑग्यूस्त रॉल्ये यांनी स्वित्झर्लंडमधील लेझँ येथे क्षयरोग्यांसाठी सूर्यस्नानाचे आरोग्यधाम सुरू केले. १९१९ मध्ये बर्लिन येथे कुर्ट हुल्टशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशाने मुडदूस बरा होतो, असे दाखविले. जंबुपार किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत असल्याने या उपचारांना काही अंशी शास्त्रीय आधारही होता. पूर्वी रापलेली त्वचा ही शेतमजुरीची खूण मानली जाई. ती आता यूरोप-अमेरिकेतील सुखवस्तू वर्गात आरोग्याचे व फुरसतीचे चिन्ह ठरली.

प्रायोगिक पुरावा : १९२८ मध्ये लंडन येथे जी. एम्. फिंडले यांनी उंदरांवर जंबुपार किरण सोडून त्यांच्या त्वचेत कर्करोग निर्माण केला. १९३० नंतरच्या दशकात ब्वेनस एअरीझ येथे आंहेल रॉफो यांनी नैसर्गिक सूर्यप्रकाशानेही असे अर्बुद होतात, मात्र प्रकाश खिडकीच्या काचेतून गाळून आल्यास होत नाहीत, हे दाखविले. रोगास उष्णता नव्हे, तर काचेने अडणारे किरण कारणीभूत असल्याचे यावरून सूचित झाले. १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी झीरोडर्मा पिग्मेंटोसम या आनुवंशिक रोगात किरणांनी बिघडलेला डीएनए दुरुस्त करण्याची कोशिकांची क्षमता सदोष असते, असे दाखविले. अशा रुग्णांना बालपणीच त्वचेचे कर्करोग होतात. यामुळे रोगाची यंत्रणा स्पष्ट झाली. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सौर प्रारणाचा मानवास निश्चितपणे कर्करोगकारक अशा गटात समावेश केला.

ऑस्ट्रेलियातील अनुभव : उत्तर यूरोपातून आलेल्या गोऱ्या लोकांची वस्ती प्रखर उन्हाच्या खंडात झाल्यामुळे तेथे हा रोग विशेष प्रमाणात आढळतो. विषुववृत्ताकडे जावे तसे मेलॅनोमाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वाढते, असे एच्. ओ. लँकेस्टर यांनी १९५६ मध्ये दाखविले. १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात अंगात सदरा घाला, मलम लावा व टोपी चढवा, असा संदेश देणारी मोहीम सुरू झाली. क्वीन्सलंडमधील नांबोर या गावी १९९२–९६ या काळात १,६२१ प्रौढांवर केलेल्या चाचणीत रोज ऊनरोधक मलम लावणाऱ्यांत शल्ककोशिका कर्करोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. चाचणीनंतर दहा वर्षांच्या अखेरीस या गटात मेलॅनोमाचे ११, तर इच्छेनुसार मलम वापरणाऱ्यांच्या गटात २२ रुग्ण आढळले.

संरक्षण : दुपारचे ऊन टाळणे, सावली, अंगभर कपडे व रुंद काठाची टोपी हे मुख्य उपाय होत; मलम हे त्यांना पूरक आहे. ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते आणि अधिक वेळ उन्हात राहण्याची ती मुभा नव्हे. बरा न होणारा व्रण किंवा आकार, रंग वा कडा बदलणारा तीळ आढळल्यास त्वरित वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते.

भारतातील स्थिती : गडद त्वचेतील मेलॅनीन हे रंजकद्रव्य किरण शोषून घेत असल्यामुळे भारतात त्वचा-कर्करोग तुलनेने विरळा आहे. त्याची कारणेही अनेकदा वेगळी असतात : काश्मीरमध्ये शेगडीच्या (कांगडीच्या) धगीने पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग आणि धोतराची गाठ कमरेवर सतत घासल्याने होणारा कर्करोग ही त्याची परिचित उदाहरणे होत. मेलॅनोमा येथे बहुधा तळपायावर आढळतो. तेथे ऊन पोहोचत नाही व लक्षही जात नाही. त्यामुळे निदानास विलंब होतो. भरपूर ऊन असूनही या देशात ड जीवनसत्त्वाची न्यूनता व्यापक असल्याने गोऱ्या लोकांसाठीचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. अवर्णता (जन्मतः मेलॅनिनाचा अभाव) असलेल्या व्यक्तींना मात्र उन्हापासून आयुष्यभर कटाक्षाने संरक्षण देणे आवश्यक ठरते.